वस्तादांचा डावा हात

लोक घरी येतात, चहा घेतात आणि उठताना सगळे एकच बोलतात. मरण यावं तर असं यावं. सकाळी तालमीत करेला फिरवला, ओट्यावर टेकले, पाणी मागितलं आणि गेले. ना अंथरुणाला खिळले, ना कोणाला त्रास दिला. मी समोर बसून ऐकत होते. त्यांच्या हातातला कप काढून घ्यावा आणि दार दाखवावं असं वाटायचं, पण तेरवी होईपर्यंत घरातल्या बाईनं तोंड उघडायचं नसतं, म्हणून गप्प राहिले. आता तेरवी झाली. आता मी बोलणार, आणि सगळ्यांत आधी तुमच्याशीच बोलणार.

अहो, असं मरण नसतं. तुमच्या डाव्या हाताला आठवडाभर कळा येत होत्या, खांद्यापासून पार मनगटापर्यंत. तुम्ही त्याला काय समजलात, तर हात भरला. करेला म्हणजे तो लाकडी गलेलठ्ठ मुद्गल. तो खांद्यावरून पाठीमागे सोडायचा आणि मनगटाच्या जोरावर पुन्हा पुढे आणायचा. तो जरा जास्त फिरवला गेला म्हणून हात दुखतो, असा तुमचा हिशेब. ओव्याचं तेल चोळून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करेला उचललात. हृदयाचं दुखणं हातात उतरलं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती. बँकेतल्या माणसाचा डावा हात दुखला असता तर तो घाबरून दवाखान्यात पळाला असता. तुमचा हात दुखला की तुम्हाला आनंद व्हायचा.

चौकात पोट्ट्यांनी फ्लेक्स लावला आहे. त्यावर तुमचा तो जुना फोटो, उघड्या अंगाचा, दोन्ही दंड फुगवून काढलेला. खाली लिहिलं आहे, अखेरच्या श्वासापर्यंत व्यायाम. भाजीला जाताना मी त्या बाजूनं जातच नाही, मागच्या गल्लीतून वळसा घेते.

तुमचं हे हातांचं वेड मला पहिल्या दिवसापासून ठाऊक. तुम्ही मला पाहायला अंजनगावला आलात. आमचा पानमळा, आणि वेलांना पाणी घालायचं काम आम्हा भावंडांकडे. तुमच्यासोबत आलेले मामा शिक्षण विचारत होते, स्वयंपाक विचारत होते, आणि तुम्ही मान खाली घालून बसलेले. मी पोह्यांची बशी पुढे केली, तर तोंडाकडे पाहायचं सोडून तुम्ही माझ्या मनगटाकडे पाहिलंत आणि पहिल्यांदा बोललात. विहिरीचं पाणी तुमीच ओढता का, असं विचारलंत. माझ्या काकांना वाटलं, मुलगा खोट काढतो आहे. मी म्हटलं, मंग कोण ओढते? तुम्ही हसलात, आणि अमरावतीच्या एसटीत बसायच्या आधीच मामांना सांगून टाकलंत की हीच करायची. माझं तोंड तुम्ही लग्नानंतर कधीतरी पाहिलं असेल. मला त्या वेळी राग आला होता, आणि खरं सांगते, बरंही वाटलं होतं. ज्या राठ हातांना आमच्याच घरातल्या बायका नावं ठेवायच्या, त्या हातांवर कोणीतरी भाळलं होतं.

लग्न झालं आणि घराचीही तालीम झाली. ओल्या चादरी तुम्हीच पिळणार, कारण मनगटाला तसा दुसरा व्यायाम नाही. शेजारच्या बायका मला नशीबवान म्हणायच्या. कणीक तिंबायला बसलात तर ती पुरी दमेपर्यंत तुम्ही उठत नव्हता. दाराच्या चौकटीत लोखंडी नळी ठोकलीत, येता-जाता लोंबकळायला, आणि उंच पाहुण्यांची कपाळं तिच्यावर आपटायची. मागच्या अंगणात एक काठी, काठीला दोरी, दोरीला वीट. हात समोर ताठ धरून काठी मनगटांनी फिरवत राहायची, दोरी गुंडाळत वीट वर आणायची, आणि मग तितक्याच सावकाशीनं खाली सोडायची. वर तर कोणीही आणतो, असं तुम्ही पोट्ट्यांना सांगायचात, हात खाली सोडताना बनते. कोणी वीट धाडकन सोडली की त्याला पुन्हा पहिल्यापासून. बडनेऱ्याला रेल्वेच्या डब्यांखाली दिवसभर नट-बोल्टांवर पाने फिरवून यायचात आणि चहाही न घेता तालमीत जायचात. जोर काढताना कोणाची कोपरं बाहेर गेली, कोणाची पाठ खाली आली, हे तुम्हाला पाठमोरे उभे असलात तरी कळायचं. गल्लीतली किती पोरं तुमच्यामुळे पानठेल्यावरून उठली, त्यांच्या आया अजून तुमचं नाव काढतात. हे सगळं मला मान्य आहे. मी त्याच्यावर कधी बोट ठेवलं नाही.

माझं भांडण तुमच्या एका वाक्याशी होतं. पोरगा म्हणाला, वस्ताद, हात वर होत नाही, की तुमचं ठरलेलं उत्तर, दुखते म्हणजे भरून राहिलं. म्हणजे अंग बनतं आहे, थांबू नको. पायाला लागलं तरी तेच, पाठ धरली तरी तेच. एकदा माझी दाढ ठणकत होती तर मलाही तेच सांगितलंत. मी विचारलं, दाढेले काय दंड फुटून राहिले का? तुम्ही खो-खो हसलात. दाढ मी एकटीच जाऊन काढून आले.

वैशाली दोरीच्या मल्लखांबावरून पडली तेव्हा प्राथमिक शाळेत होती. आपली एकुलती एक पोरगी. मनगट टम्म सुजलं. तुम्ही हळद आणि तुरटीचा लेप लावलात, फडकं बांधलंत आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात रबरी चेंडू दिलात, दाबायला. मी शाळेत शिकवून घरी आले तर पोरगी ओट्यावर बसून चेंडू दाबत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडातून हूं नाही. तुमचीच पोरगी. मी तिला तशीच रिक्षात घातली आणि हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. हाड मोडलं होतं. संध्याकाळी तुम्ही आलात, प्लास्टर पाहिलंत, दारातच उभे राहिलात.

"तुमच्या तालमीत कोणाले हाडंच नसतात काय?" मी विचारलं.

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. पण चुकलं, असं तोंडातून निघालं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

प्लास्टर निघाल्यावर मात्र तुम्ही काळ्या मातीचा गोळा भिजवून ठेवायचात. ती शाळेतून आली की ओट्यावर बसून तिच्याकडून मळून घ्यायचात, आधी सैल, मग जरा घट्ट. तिला गणपती करायला लावायचात, पोळ्याचे बैल करायला लावायचात, म्हणजे हा व्यायाम आहे हे तिला कळू नये. किती दिवस आपल्या खिडकीत लंगडे बैल उभे होते. तिचं मनगट अजून जरा वाकडं आहे, पण आज ती अकोल्याला मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, आणि कोणाची शीर सापडत नसली की तिलाच बोलावतात. याचं श्रेय तुम्हाला द्यावं की त्या हाडाबद्दल अजूनही भांडावं, हे माझं आजतागायत ठरलं नाही.

आणि मग माझा खांदा आखडला. वेणी घालता येईना, फळ्यावर वरची ओळ लिहिता येईना. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि व्यायाम सांगितला. गोळ्या मी घेतल्या, व्यायाम टाळला, कारण जीव जायचा. मग तुम्ही हातात घेतलंत. मला भिंतीशी उभी करून बोटं हळूहळू वर चढवायला लावायचात, जिथे थांबतील तिथे पेन्सिलीची रेघ. दाराच्या त्या नळीवरून दोरी टाकलीत, एका हातानं ओढून दुसरा वर न्यायचा. मी बोंबलत असायची. शिकवणारी बाई असून तुम्हाला काय काय बोलले, ते इथे लिहायची सोय नाही. तुम्ही ‘दुखते म्हणजे’ म्हणायला तोंड उघडलं की मी म्हणायचे, पुढचं बोलाल तर तवा फेकून मारीन. पण तुम्ही एक दिवस चुकवला नाही. बडनेऱ्याहून थकून आलात तरी आधी माझा खांदा, मग तालीम. भिंतीवरच्या रेघा वर सरकत गेल्या. एका दुपारी मी वरच्या फळीवरचा लोणच्याचा डबा सहज खाली काढला आणि मागे वळून पाहिलं तर तुम्ही डोळे पुसत होतात. मी ते तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. त्या हातानं तुम्हाला जवळ घ्यायला हवं होतं, मी लोणचं वाढलं.

तेव्हा तुमचं खरं ठरलं, आणि तिथेच घोळ झाला. त्यानंतर मी दुखण्याबद्दल काही बोलायला गेले की तुम्ही नुसते माझ्या खांद्याकडे पाहायचात. वाद खलास. मला एवढंच म्हणायचं होतं की एक दुखणं सोसायचं असतं आणि एक दाखवायचं असतं, दोन्ही एक नसतात. हे एवढं साधं वाक्य तुम्ही मला कधी पुरं करू दिलं नाही. आज करते आहे, तर ऐकायला तुम्ही नाही.

त्या शेवटच्या आठवड्यात तुमच्या अंगाला ओव्याच्या तेलाचा वास येत होता. मी विचारलं. तुम्ही सांगितलं की तालमीतल्या गजाननचा खांदा भरला आहे, त्याला रोज चोळून देता. मला खरं वाटलं. का नाही वाटणार, जन्मभर तुम्ही लोकांचेच हात-खांदे चोळत आलात. जेवताना डावा हात मांडीवर पडलेला असायचा, पण जेवायला तो लागतोच कुठे. चादरी धुवायला निघाल्या तर म्हणालात, मशीनमध्ये टाक ना वं, पोरीनं मशीन कायले घेऊन देली? मी उलट खूश झाले. म्हातारपणी तरी माणसाला अक्कल आली, असं वैशालीला फोनवर सांगितलं, आणि आम्ही दोघी हसलो. तुम्ही पलीकडे पेपर धरून बसला होतात. सगळं ऐकत होतात.

त्या सकाळी गजानन धावत आला. तुमचा सगळ्यांत जुना चेला, फळबाजारात संत्र्यांचा गाळा चालवणारा, पन्नाशीचा धिप्पाड माणूस. त्याच्या पायात चप्पल नव्हती. रिक्षातून नेईपर्यंत तुम्ही गेला होतात. डॉक्टरनं मला विचारलं, आधी काही त्रास होता का, छातीत, हातात? मी ठणकावून सांगितलं, काही नाही, हात तर बिलकुल नाही, काल संध्याकाळी जोर काढून आले. गजानन माझ्या मागेच उभा होता. त्यानं मान खाली घातली ती वर केली नाही. मला वाटलं, दुःखानं.

दहाव्याला तो आला आणि दाराशीच बसला. चहा घेईना. सगळे उठून गेले तरी हा बसलेला. मग सांगितलं त्यानं. तेल तुमच्याच हाताला लागत होतं, आणि लावणारा तो होता.

"मी म्हटलं वस्ताद, घरी सांगा. तं म्हणे, तिले सांगू नको. तिले समजलं तं दवाखान्यात नेते, अन् मंग जनमभर ऐकवते."

मी म्हटलं, पुन्हा सांग. त्यानं पुन्हा सांगितलं. शब्द तेच. तुमचा आवाज मला त्याच्या तोंडून ऐकू आला, तसंच हसून बोलला असाल. मी आत गेले आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी राहिले. रडू आलं नाही. राग आला, इतका राग मला त्या मोडलेल्या हाडाच्या वेळीही आला नव्हता.

तुम्हाला हृदयाचं कळलं नसेल, हे मी मानते. पण हे काहीतरी वेगळं आहे, हे तुम्हाला कळलं होतं. नाहीतर लपवलं कशाला? एरवी हात भरला की तुम्ही अख्ख्या गल्लीला दंड दाबून दाखवत फिरायचात. दूधवाल्यालासुद्धा सांगायचात. हे एकच दुखणं तुम्ही झाकून ठेवलंत, आणि कोणापासून, तर माझ्यापासून. मी एका भाकरीच्या अंतरावर बसले होते हो. पोरगी मोठ्या दवाखान्यात नोकरीला. तुम्ही तोंड उघडायचा अवकाश होता. पण तोंड उघडलं असतं तर मी म्हणत होते ते खरं झालं असतं, दुखणं कधी कधी दाखवायचं असतं. तेवढं तुम्हाला झेपलं नाही. करेला झेपला, बायकोचं खरं होणं झेपलं नाही.

आता पुढचं ऐका. तेरवीनंतरच्या शनिवारी तालमीतले लोक तुमची करेल्याची जोडी न्यायला आले. रीत तुम्हीच मला सांगितली होती. वस्ताद गेला की जोडी घरी आणून देवाजवळ उभी करायची, तेरवीनंतर घरातल्या बाईनं तिला तेल लावायचं आणि पुढच्या वस्तादाच्या खांद्यावर ठेवायची. तोपर्यंत तालमीत कोणी करेल्याला हात लावत नाही. सगळे आंघोळ करून, पांढरे कपडे घालून आले होते. पुढचा वस्ताद अर्थात गजानन. तो मान खाली घालून पुढे उभा होता, आणि उभ्या उभ्या डाव्या खांद्याला उजव्या हातानं दाबत होता.

मी विचारलं, काय झालं खांद्याला? तो म्हणाला, काही नाही वैनी, पेट्या उतरवताना भरला. मी विचारलं, केव्हापासून? तर म्हणे, वस्ताद गेले तेव्हापासून.

तेलाची वाटी मी खाली ठेवली. मी सांगितलं, आधी दवाखान्यात जाऊन छातीची पट्टी, तो ईसीजी, काढून ये, मग जोडी. तोपर्यंत जोडी इथून हलणार नाही. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. तुमच्या बरोबरीचे एक म्हातारे आहेत तालमीत, ते समजुतीनं म्हणाले, वैनी, वस्तादाची जोडी अशी अडवून धरत नसतात, अपशकुन होते. मी म्हटलं, अपशकुन व्हायचा तो या घरात झाला, आता दुसरीकडे नको. कोणी म्हणालं, उद्या गावात काय म्हणतील, तालमीचा वस्ताद छाती दाखवत फिरते म्हणून? मी म्हटलं, म्हणू द्या. गजानन तांबडालाल झाला. मले काही झालं नाही वैनी, वस्तादानं मले असं कधी शिकवलं नाही, एवढं बोलून तो निघून गेला. त्याच्यामागे सगळे गेले. मी दार लावलं आणि जोडीशेजारी बसून राहिले.

आठवडा फार वाईट गेला. तालीम बंद पडल्यासारखी झाली. भाजीवाली मला विचारते, काहून अडवून धरली वं बाई, त्यायच्या माघारी त्यायचं नाव खराब करतं काय? वैशालीही फोनवर म्हणाली, आई, जाऊ दे, प्रत्येकाचा खांदा म्हणजे बाबांचा खांदा नसतो. मी म्हटलं, असेल नसेल, मला माहीत नाही, पण मी दुसरी बाई पांढऱ्या कपाळानं बसलेली पाहणार नाही. गजाननची बायको मला रस्त्यात दिसली तर तोंड फिरवून गेली. मी तिच्यासाठीच हे सगळं करते आहे, हे तिला कोण सांगणार? मला रात्रंदिवस एकच भीती होती, की हाही कुठेतरी ओट्यावर टेकेल आणि पाणी मागेल.

आणि तुमच्या चेल्यानं काय केलं ठाऊक आहे? अमरावतीत कोणी पाहू नये म्हणून गाळा बंद ठेवला, बडनेऱ्याला जाऊन गाडी पकडली आणि सरळ अकोल्याला, वैशालीच्या दवाखान्यात. तिला म्हणाला, पोरी, कोणाले सांगू नको. पट्टी काढायला चिमटे लावले तर हा विचारतो, मनगटाले कायले लावता, मनगट तं मजबूत हाये. मग त्याला चालत्या पट्ट्यावर चालवलं, तर हा थांबेचना, शेवटी डॉक्टरनंच मशीन बंद केली. वैशाली मला फोनवर हे सांगत होती आणि हसत होती, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. पण निकाल काय लागला ते सांगेना. म्हणाली, काकांनी शपथ घातली आहे, ते स्वतः सांगणार.

आज शनिवारी तो आला. सगळ्या तालमीला घेऊन आला. छाती काढून दारात उभा राहिला, चेहऱ्यावर कुस्ती मारून आल्याचा आनंद.

"काहीच नाही निंगालं वैनी. छाती ठणठणीत. खांद्याची शीर आखडली, बस. मी पहिलेच म्हणत होतो तुमाले, भरून राहिला म्हणून."

तालमीतले सगळे हसले. ते म्हातारेही हसले. आठवडाभर सगळ्या गावाशी वैर घेऊन मी खोटी पडले होते, चारचौघांत.

"हाव बाप्पा," मी म्हटलं, "हरली मी. तूच जिंकला."

आणि मला हसू आलं. मग रडू आलं, आणि ते आवरेचना. गजानन घाबरला, वैनी, वैनी करायला लागला. मी जोडीला तेल लावलं आणि त्याच्या चांगल्या खांद्यावर ठेवली. दुखऱ्या खांद्याला भिंतीवर बोटं चढवायला सांगितलं, मला तो व्यायाम येतो. बजरंगबलीचा जयजयकार करत ते गेले, आणि मी दार लावून तुमच्या फोटोसमोर बसले.

अहो, हरायला काहीच लागत नाही. ना मनगट लागतं ना दंड. मी आज सगळ्यांदेखत हरले आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तुम्ही एकदा हरला असता तर? त्या आठवड्यात एकदा म्हणाला असता की हात दुखून राहिला वं, चाल दवाखान्यात. तुम्ही म्हणत होतात ते मात्र अगदी खरं आहे. मी जन्मभर ऐकवलं असतं. चहा देताना ऐकवलं असतं, जेवायला वाढताना ऐकवलं असतं, गोळी हातावर ठेवताना रोज ऐकवलं असतं. आलेल्या-गेलेल्या पाहुण्यांना तुमच्यासमोर सांगितलं असतं. आणि तुम्ही तिथे खुर्चीत बसून ते सगळं ऐकलं असतं.